मांडीआईची लेक

"तुमचा गुडघा दुखतोय न्हवं? मंग कशाला जिवाचे हाल? हितं पारावर बसा निवांत. आम्ही मायलेकी वर जाऊन हात जोडतो आन् आल्या पावली माघारी येतो."

एसटीतून उतरल्यापासून आईचं हेच पालुपद चाललं होतं. पण आबा काही ऐकणाऱ्यातले नव्हते.

"गुडघा रोजचाच आहे गं," ते म्हणाले. "पण तू आपणहून लेणी बघायला निघालीस, हे काय रोज घडतं? आणि आज मी पारावर बसून माशा मारू?"

खांद्यावरची शबनम सावरत ते आमच्या पुढं झाले आणि पायवाटेला लागले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्तीचा पुडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची फुलं. आठवडाभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये ग्रीसमध्ये हात बुडवणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी ओळखू यायचा नाही. तालुक्यात कुणाचंही बौद्ध पद्धतीनं लग्न असो, ते लावायला रावजी आबाच लागत. आता त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, म्हणजे माझं, लग्न तोंडावर आलं होतं. नाशिकचं स्थळ होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडवाचे बांबू दारात येऊन पडले होते.

आईच्या हातातही पिशवी होती. वर भाकरीचं गाठोडं दिसत होतं. त्याच्याखाली हिरवा खण, नारळ, हळदीकुंकू आणि गूळ होता, आणि ते फक्त तिला नि मला ठाऊक होतं.

मला तरी आदल्या दिवसापर्यंत कुठं काय ठाऊक होतं! संध्याकाळी मागच्या दारी भांडी घासताना तिनं एकदम सांगून टाकलं, "धोंडे, तू माझी न्हाईस."

आबांनी माझं नाव मोठ्या हौसेनं उत्पला ठेवलं होतं. आई मात्र मला पहिल्यापासून धोंडा म्हणत आली. मी हट्टी म्हणून, असा आबांचा समज होता. माझाही तोच होता.

"तुला मी मांडीआईच्या मांडीवर टाकली व्हती," हाताची राख तशीच ठेवून ती बोलत राहिली. "माझ्या माहेरच्या डोंगरावर. तुझ्या आधीची दोन गेली. मंग तुझी आजी म्हणाली, ही पोर आपली म्हणूच नगं. आईच्या मांडीवर ठेव, तिची कर, आन् पाळायला म्हणून माघारी आण. दगडाची लेक दगडावानी टिकती. पर लग्नाआधी सोडवून घ्यायची बोली हाय. न सोडवता परक्या घरी दिली, तर आई आपली वस्तू माघारी नेती."

मी कॉलेजात गेलेली मुलगी. मला हसूच आलं. पण तिच्याकडं बघितलं आणि ते हसू तोंडातच राहिलं. लग्न ठरल्यापासून ती भरल्या ताटावरून का उठते, माझ्याकडं बघता बघता तिचे डोळे का भरून येतात, याचा उलगडा मला तेव्हा झाला. मी मरणार असं तिला खरोखर वाटत होतं. काही दिवसांवर आलेलं माझं लग्न तिला माझी मयत दिसत होतं.

"मग आबांना सरळ सांगू या ना," मी म्हणाले.

"आन् त्ये जाऊ देतील व्हय?"

दीक्षा घेतली त्या साली आबांनी घरातले देव टोपलीत भरले आणि नदीत नेऊन सोडले. शिव्याशाप न देता, शांतपणे. तेव्हापासून आमच्या घरात नवस नव्हता, अंगारा नव्हता, ओटी नव्हती. 'बुद्ध कुणाचं काही घेत नाही आणि कुणाला काही देत नाही,' असं ते प्रत्येक लग्नात सांगायचे. 'तो वाट दाखवतो, चालायचं आपलं आपण.' ऐकणारे माना डोलवायचे. आईही पदर डोक्यावर घेऊन बायकांत बसलेली असायची, आणि तीही मान डोलवायची.

म्हणून तिनं जेवताना साळसूदपणे विषय काढला. पोरीला लग्नाआधी माहेरच्या डोंगरावरची लेणी दाखवून आणते, म्हणाली. आबा कामावर असणार हे तिनं धरूनच चाललं होतं. पण थोड्याच दिवसांपूर्वी एका भन्तेंनी आबांना सांगितलं होतं की त्या डोंगरावरचे भग्न अवशेष म्हणजे फार जुना विहार आहे. ते कधीचे तिथं जायचं घोकत होते. त्यांनी तिथल्या तिथं रजा टाकली. आईचं तोंड अगदी बघण्यासारखं झालं.

आणि आता आम्ही तिघं चढत होतो. वाट कारवीतून जात होती, मध्येच कातळात खोदलेल्या पायऱ्या लागत होत्या. आबा गुडघ्यावर हात ठेवून चढायचे, थांबायचे, आणि दम लागला तरी बोलायचे. भिक्खू पावसाळ्यात इथं कसे राहत असतील, हे खांब कुणी कोरले असतील. बापमाणूस पोराला जत्रा दाखवतो तसे ते आम्हाला डोंगर दाखवत होते. आई पिशवी कवटाळून चढत होती. मला दोघांचीही कीव येत होती. असं वाटत होतं की वर पोहोचूच नये.

अर्ध्या वाटेवर पाण्याचं खोदीव टाकं लागलं. तिथं आबा थांबले.

"पूर्वी इथपर्यंतच येऊ द्यायचे आपल्या माणसांना. पुढं पाऊल टाकलं तर गाव अंगावर यायचं," ते म्हणाले. "आपल्याच बापाचं घर, आणि आपल्यालाच बंदी. चल सगुणा, आज तू पुढं हो. तुझं माहेर आहे."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती पुढं झाली. ही वाट तिच्या पायाखालची आहे हे मला दिसत होतं, कारण कुठं वळायचं ते तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. आबांच्या ते लक्षात आलं नाही.

वर पोहोचलो तेव्हा उन्हं चांगली चढली होती. चैत्याची दर्शनी कमान कधीच ढासळली होती. तिचे मोठमोठे दगड समोर पडले होते आणि त्यांतून घाणेरी माजली होती. आत उजेड मधल्या स्तूपापर्यंत पोहोचत होता. स्तूपाचा माथा फुटला होता. खांब काही उभे, काही मोडके. वटवाघळांचा उग्र वास येत होता. आबांनी चपला काढल्या, सावकाश आत गेले आणि स्तूपावर तळहात टेकून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

मग त्यांनी मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली आणि आम्हाला दोघींना शेजारी उभं करून त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. त्या पोकळीत त्यांचा आवाज घुमायला लागला. आई हात जोडून उभी होती, पण तिची नजर डावीकडं होती. तिथं भिंतीत एक लहानशी कोरीव खोली होती आणि दाराला शेंदराची बोटं उमटलेली होती. आबांचे डोळे मिटलेले असतानाच आपण तिकडं सटकायचं, असं तिनं मला बजावलं होतं. तिनं माझा हात धरला.

तेवढ्यात त्या खोलीतून एक म्हातारी बाहेर आली. गुडघ्याच्या वर नेसलेलं लुगडं, हातात केरसुणी. तिनं कपाळावर हात धरून आईला न्याहाळलं.

"सगुणाच न्हवं तू? कोंभाळीच्या गेनूची लेक?" ती मोठ्यानं म्हणाली. "आलीस व्हय लेकीला सोडवाया? म्या म्हनलं, इसरली जनू."

आबांचं त्रिसरण मध्येच तुटलं.

"कुणाला सोडवायला?" त्यांनी विचारलं.

आईनं पिशवी पदराआड घेतली. म्हातारीला काय, लपवण्यासारखं काही नव्हतंच. ती भागाबाई, वाडीवरची ठाकरीण, मांडीआईची पूजा करणारी. तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. ही एवढीशी असताना मांडीआईच्या मांडीवर घातली, आता उजवायची वेळ आली, आता आईच्या खांद्यावर फूल ठेवायचं, तीनदा विचारायचं 'सोडली का?' आणि फूल पडलं की लेक मोकळी. ती सांगत होती आणि आबांचा चेहरा उतरत चालला होता. आईच्या पिशवीकडं त्यांनी एकदाच बघितलं.

"म्हणून आलीस तू," ते म्हणाले. "लेणी बघायला नाही."

आईनं मान खाली घातली. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तसेच खोलीकडं गेले आणि वाकून आत शिरले. आम्ही दोघी मागोमाग गेलो.

मांडीआई भिंतीला पाठ लावून बसली होती. माणसाएवढी उंच. तोंडावर शेंदराचे थरावर थर, त्यात चांदीचे डोळे बसवलेले, नाकाच्या जागी नथ. अंगाला हिरवं लुगडं गुंडाळलेलं. आबा तिच्याकडं बघत उभे राहिले. मग खाली वाकले. तिच्या कानाकडं त्यांनी निरखून बघितलं. कानाच्या लांब पाळ्या शेंदरातूनही खाली खांद्यापर्यंत आलेल्या दिसत होत्या. आबांचा श्वास जोरात चालायला लागला. मला वाटलं, हे आता रागानं काहीतरी करणार. पण ते वळले तेव्हा हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सगुणा! अगं वेडे, बघ इकडं! बघ ही कोण आहे!"

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी लुगड्याला हात घातला आणि ते ओढून काढलं.

खाली शेंदूर नव्हता. काळा, स्वच्छ दगड होता. एकावर एक दुमडलेले पाय, त्यावर एकात एक ठेवलेले दोन हात. पिढ्यान्‌पिढ्या लेकरं ठेवून ठेवून मांडीचा दगड गुळगुळीत झाला होता.

"बुद्ध आहेत गं हे! ध्यानाला बसलेले बुद्ध!" आबा लहान पोरासारखे बोलत सुटले होते. "तू पोरीला ठेवलीस ती यांच्या मांडीवर! मी हिला त्यांच्या वाटेवर आणायला धडपडतोय, आणि तू तर जन्मताच नेऊन त्यांच्या मांडीवर बसवलीस! आता कसलं सोडवायचं? काही सोडवायचं-बिडवायचं नाही. न कळत का होईना, पण पोर बरोबर ठिकाणी गेली होती."

त्यांना वाटत होतं, आईलाही आनंद होईल. खरंच वाटत होतं. आयुष्यभर ज्या बायकोला ते आपल्या बाजूला ओढत होते, ती आधीपासूनच त्यांच्या बाजूला होती, हे त्यांना एका क्षणात सापडलं होतं. त्यांचा तो उजळलेला चेहरा मी अजून विसरले नाही.

भागाबाई किंचाळली. "लुगडं फेडलंस? माज्या आईचं लुगडं फेडलंस, बापयानं?" तिनं झडप घालून लुगडं हिसकावलं, छातीशी धरलं आणि ती भिंतीकडं तोंड करून मटकन खाली बसली. "जा तुमी. आता आई बोलायची न्हाय. म्या फूल ठेवायची न्हाय. उघडी पाडून तिलाच इचारता व्हय, लेक सोडली का?"

"भागाबाई, पाया पडते तुझ्या," आई तिच्यापाशी जाऊन बसली. "त्यांची चूक झाली. तू नेसव आईला. मी नवं लुगडं आणून देते. पर माझ्या पोरीला अशी ठेवू नगंस."

म्हातारीनं पाठ फिरवली होती ती तशीच ठेवली.

"खरंच चूक झाली," आबा जरा भानावर येत म्हणाले. "बाई, तुम्हाला दुखवायचं नव्हतं मला. पण सगुणा, तू तरी समजून घे. ही मांडीआई नाहीच. ती कधी नव्हतीच."

आई उठून उभी राहिली. आबांसमोर अशी ताठ उभी राहिलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"मंग माझी लेक कुणाकडं हाय?"

"म्हणजे?"

"मांडीआई न्हवती. बरं, न्हवती. बुद्ध व्हते. तुम्हीच सांगता, त्यो कुणाचं घेत न्हाई, कुणाला देत न्हाई. मंग माझी पोर ठेवून घेतली कुणी? जगवली कुणी? आन् आता मी मागू कुणाला?"

आबांनी मूर्तीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"नाशिकला कळवा," आई म्हणाली. "लग्न व्हायचं न्हाई."

"अगं, पत्रिका गेल्यात! लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. माझी पोर अशी लटकत ठेवून मी देणार न्हाई. मी जीव देईन, पर पोर देणार न्हाई."

"आई, मला काही होत नाही," मी म्हणाले. "चांगली धडधाकट आहे मी."

"तू गप. दोघंबी चांगलीच व्हती." मग ती आबांकडं वळली. "तुम्ही देव नदीला सोडले, त्याच साली पयला गेला. ताप डोक्यात चढला व्हता. तुम्ही सभेला गेल्ता. मी त्याला मांडीवर घेऊन तुमची वाट बघितली. दुसरी गेली तवा तुम्ही मोर्च्यात धरले जाऊन तुरुंगात. तिला मी आन् माझ्या भावानं पुरली. तुम्ही सुटून आलात ते गळ्यात हार घालून. मी काय बोलले का? न्हाई बोलले. तुम्ही चोरी करायला न्हवते गेले, सगळ्यांसाठी गेल्ते. पर ही झाली तवा माझी मांडी भ्याली हो! वाटायचं, माझ्याच मांडीवर मरत्यात. तुमची मांडी घरात न्हवती. मंग मी जाऊन दगडाची मागितली. टाक्याफुडं आपल्याला बंदी व्हती तवा. ह्या भागाबाईनं मला हाताला धरून वर आणली. म्हणाली, आईला इटाळ न्हाई."

स्तूपापुढं मेणबत्त्या वाऱ्यानं विझल्या होत्या. मला दोन भावंडं होऊन गेली एवढंच मला माहीत होतं. ती कुणाच्या मांडीवर गेली हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि आमच्या घरात ते कुणी सांगितलंही नव्हतं. आबा तिच्याकडं बघत राहिले. मला वाटतं, त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. मेलेली मुलं त्यांना माहीत होती. पण वाट बघणारी बायको त्यांनी कधी डोळ्यांपुढं आणली नव्हती.

मग त्यांनी एक गोष्ट केली. मूर्तीच्या शेजारी, त्या वटवाघळांच्या लेंड्यांत, पांढऱ्या पायजम्यानिशी ते खाली बसले. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरून वाकवला. कळ आली तशी दातांवर दात दाबले, आणि मांडी घातली.

"आण तिला इकडं," ते म्हणाले.

"कुठं?"

"माझ्या मांडीवर. मी घरात असतो तर तुला दगडाकडं जावं लागलं नसतं. ती माझ्याकडं ठेवायची होती, सगुणा. म्हणून आता माझ्याकडून सोडवून घे. मी तोंडानं सांगतो. फुलाची गरज नाही."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. थट्टा करताहेत का, हे तिनं पहिल्यांदा पाहून घेतलं. मग तिनं माझा हात धरून मला त्यांच्यापुढं बसवलं. लग्नाला आलेली मी मुलगी, मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण आईचा हात खांद्यावर दाबत होता. मी आडवी झाले आणि आबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांच्या हातांना साबणाखालून ग्रीसचा वास येत होता. त्यांनी एका हातानं माझं मनगट धरलं. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर कधी झोपले होते का, हे मला आठवेना. बहुतेक नसेन.

"इचारायचं कुणी?" आई हळूच म्हणाली. "आईबापानं इचारायचं नसतं."

बाहेर कुठंतरी गुराखी हाळी घालत होता. मग भिंतीकडून, तोंड न वळवता, भागाबाई म्हणाली, "सोडली का?"

किती मुलींच्या बापांना आबांनी मांडवात उभं केलं असेल, धीर दिला असेल. 'मुलगी आहे, जाणारच,' असं हसत म्हटलं असेल.

"सोडली का?"

माझ्या कपाळावर पाणी पडलं. आबांना दुःखानं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही.

भागाबाई वळली. लुगडं तसंच छातीशी धरून ती आबांसमोर येऊन बसली. आवाज मऊ करून तिनं विचारलं, "सोडली का रं, बाबा?"

"सोडली," आबा म्हणाले.

आईनं श्वास सोडला. तिचा चेहरा सैल पडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं लग्नघरातली बाई नवरीकडं बघते तसं बघितलं.

"ऊठ बाई," ती म्हणाली, "झालं."

मी उठायला गेले, पण उठता येईना. आबांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांनी धरलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी आई खाली वाकली आणि तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली.